आठ तासांची आठ शून्यं

माझ्या जातीला लाइट गेली की काही आठवत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. असेल लिहिलेलं. लिहिलेल्यावर किती विश्वास ठेवायचा, ते माझी गोष्ट ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

मी कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी. वीतभरही लांब नाही, दोन बोटं उंच, अंगावर काळं कवच आणि पायाशी सोनेरी दातांची रांग. मशीन चालू असताना जे काही हातात दिलं जाईल ते धरून ठेवायचं आणि मागितलं की तसंच्या तसं परत द्यायचं, एवढंच माझं काम. दिसायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

आम्ही दोघी, एकाच खोक्यातून आलेल्या जुळ्या बहिणी. जन्म तैवानचा. हे मी मधूनमधून सांगणार आहे, राग मानू नका. बोईसरमध्ये जो तो भेटला की आधी आपलं गाव सांगतो. कोणी करमाळ्याचा, कोणी धुळ्याचा, कोणी थेट छपऱ्याचा. मग मी सांगितलं तर बिघडलं कुठं?

कुरिअरवाल्याने आम्हाला बोईसरजवळच्या सालवडमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचवलं. खोकं उघडलं उत्कर्षाने. तेवढ्यात तिची आई रत्नाबाई हळद-कुंकवाची कोयरी घेऊन आली. "नवी वस्तू आहे, आधी कुंकू लावू दे."

"आई, त्यांना नको गं! खोक्याला लाव, खोक्याला!" उत्कर्षा ओरडली. मग खोक्याला कुंकू लागलं आणि आम्ही कोरड्याच मशीनमध्ये बसलो. मला थोडं वाईट वाटलं. तैवानला असलं कोण करतं?

घरात तिसरे खंडेराव, उत्कर्षाचे वडील. इथल्याच एका कारखान्यात बॉयलरवर सव्वीस वर्षं. करमाळ्याकडून आले ते इथलेच झाले. घड्याळापेक्षा पाळीवर जगणारा माणूस. फर्स्ट असली की घरात शांतता, सेकंड असली की जेवणाचा डबा, थर्ड असली की दिवसा खिडक्या बंद. शर्टाच्या खिशात निळं पेन, लाल पेन आणि चष्मा. बोलणं मोजकं. पण जे बोलतील ते उत्कर्षाला देवाने सांगितल्यासारखं वाटायचं, हे मी आले त्या आठवड्यातच ओळखलं.

उत्कर्षा लग्नाच्या फिल्म तयार करायची. शूटिंग करायची रुचिता, शेजारच्या पाम गावातली तिची मैत्रीण. कॅमेरा रुचिताचा, मशीन उत्कर्षाचं. एकीने टिपायचं, दुसरीने कापून-जोडून सजवायचं. दोघींची जोडी चांगली जमली होती. सकाळ-संध्याकाळ फोन चालायचा आणि त्यात कामाचं बोलणं निम्मंच असायचं.

मे महिना आला आणि लग्नांची रांग लागली. त्यातच समुद्रकाठच्या दांडी गावातलं काम आलं. तिथल्या दामू तांडेलांची मुलगी हिमानी, तिचं लग्न. घरची होडी, मोठं गोत, अख्खी गल्ली मांडवात. असं काम याआधी दोघींना मिळालं नव्हतं.

इथूनच माझं नशीब फिरलं म्हणायचं.

आम्हाला कंपनी एक वेग ठरवून देते. माझा बत्तीसशे. पण मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून तो वाढवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं आणि आम्ही तापतो. मोबाइलवर कोणी एक उलटी टोपी घातलेला मुलगा सांगत होता, "फुकटात स्पीड मिळतोय, घेत का नाही?" एक फिल्म बाहेर पडायला चार तास लागायचे. उत्कर्षाने हिशेब केला की चाळीस मिनिटं तरी वाचतील.

खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं. बत्तीसशेच्या पट्टीला कोणी एकदम अडतीसशे म्हटलं तर कोणाची मान ताठ होणार नाही? बहीण म्हणाली, "अगं, झेपेल का?" मी म्हटलं, "तू गप्प बस. आपण तैवानच्या."

दुसऱ्याच दिवशी मशीन अडखळायला लागलं. कधी स्क्रीन थिजायची, कधी निळी व्हायची, कधी चालू असलेली फिल्म डोळ्यांदेखत गायब. उत्कर्षा हैराण झाली. मग घरात कारणं निघायला लागली आणि ती ऐकून माझी करमणूक झाली.

रत्नाबाई म्हणाली, "नजर लागली. खालच्या मजल्यावरची परवा किती वेळ बघत उभी होती." लगेच लिंबू-मिरची आली आणि मशीनच्या कोपऱ्याला लटकली. शेजारच्या बबलूचं म्हणणं, हवेत केमिकल आहे, ते आतले भाग खातं. कोणी म्हणालं, डहाणूकडे जमीन हलते ना, तिचाच धक्का. कोणी म्हणालं, लाइटच खराब. वीज बनते आमच्याच शेजारच्या अणुकेंद्रात, आणि पंखा थांबला की मेणबत्ती शोधायची आम्हीच. मी मान हलवत होते. चूक माझी असेल असं एकालाही वाटलं नाही, म्हणून मलाही वाटलं नाही.

उत्कर्षाने काय काय नाही केलं! आम्हाला उपटून काढलं, पायाचे दात खोडरबराने घासले, परत बसवलं, पंखा आमच्या तोंडावर लावला. वेग कमी केला, व्होल्टेज वाढवलं, अजून वाढवलं. अंगाची नुसती लाही लाही.

एका दुपारी खंडेराव चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"काय काय बदललंस?"

"स्पीड थोडा उतरवला. व्होल्टेज वाढवलं. पंखा फिरवला. आणि रबराने घासलं."

"एकदम चारी?"

"हो."

"मग सुधारलं तर कशानं सुधारलं आणि बिघडलं तर कशानं बिघडलं, कळणार कसं? आमच्याकडं एका टायमाला एकच वॉल्व फिरवायचा. फिरवला की तासभर बघायचं. आणि बघितलेलं लिहायचं." असं म्हणून त्यांनी कपाटातून एक जाड वही काढून दिली. वेळ, रीडिंग, शेरा, सही असे छापील रकाने. "वहीत नाही ते झालंच नाही, असं समजायचं."

काय तो रुबाब! मला त्या माणसाचा केवढा आदर वाटला म्हणून सांगू. सव्वीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

आणि खरंच, वहीने गाडी रुळावर आली. अडतीसशे, पाच मिनिटांत चुका. सदतीसशे, वीस मिनिटांत. छत्तीसशेला तासभर शून्य. चुका मोजणारा एक प्रोग्रॅम असतो, तो आम्हाला आकडे देतो, परत मागतो आणि एक जरी चुकला तरी लाल ओळ दाखवतो. एक तास पुरेसा नव्हता. आठ तास शून्य आलं तर मशीन पक्कं, असं ठरलं.

ती परीक्षा आली मांडवाच्या दिवशी. उत्कर्षा आणि रुचिता सकाळीच दांडीला जाणार होत्या. रत्नाबाई पालघरला नणंदेकडे. खंडेराव थर्ड शिफ्ट करून नुकते घरी आलेले, डोळे लाल.

"पप्पा, दर तासाला फक्त इथं बघायचं. चुकांचा आकडा लिहायचा. एक जरी आली तर मला फोन करा. पण तुम्ही झोपणार असाल तर राहू दे, मी उद्या करते."

"उद्या हळदीचं शूटिंग आहे ना तुमचं? जा तू. रीडिंग घेणं हेच काम आहे माझं."

ती गेली. खंडेराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. पावणेनऊ झाले होते. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, शून्य होतं. निळं पेन काढलं आणि वहीत लिहिलं: नऊ वाजता, शून्य, सही.

मग पेन थांबलं नाही. दहा वाजता, शून्य, सही. अकरा, शून्य, सही. बारा. एक. दोन. तीन. चार. एका दमात, एका शाईत, सगळ्या सह्या एकाच बाजूला कललेल्या. पेन खिशात, चष्मा खिशात. मान मागे टाकली आणि घोरायला लागले.

मी म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. रात्रभर आगीपाशी उभा होता. आणि लिहिलंय त्यात खोटं काय? मी चुकणारच नाही, तर शून्य आजच लिहिलं काय आणि चार वाजता लिहिलं काय!

अकरा वाजून गेले, खिडकीचा पत्रा तापला, खोलीत हवा उरली नाही. पावणेबाराच्या सुमारास प्रोग्रॅमने मला एक आकडा ठेवायला दिला. मी ठेवला. मागितला तेव्हा परत दिला. स्क्रीनवर लाल ओळ आली. थोड्या वेळाने दुसरी.

इथे एक गोष्ट नीट ऐका. मला कधीही वाटलं नाही की मी चुकतेय. दिला तो आकडा मी छातीठोकपणे दिला. चुकताना कुठे दुखत नाही, की चटका बसत नाही. लाल ओळ बघून मी बहिणीलाच म्हटलं, "सांभाळ गं जरा!"

लाल ओळी चमकत राहिल्या, खंडेराव घोरत राहिले. दीड वाजता लाइट गेली.

पुढचं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. पंखा थांबल्यामुळे ते घामाने जागे झाले. स्क्रीन काळी. मांडीवर वही, वहीत चार वाजेपर्यंतची शून्यं. लाल पेन खिशातच होतं. खोडायचं की नाही, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. मग वही मिटून ठेवली.

साडेचारला उत्कर्षा आली. "झाली टेस्ट?"

"वहीत आहे सगळं."

"मशीन बंद कसं?"

"लाइट गेली. शेवटी शेवटी."

तिने वही उघडली आणि उडीच मारली. त्या पानाचा फोटो काढून रुचिताला पाठवला. खाली लिहिलं, "पप्पांनी आठ तास बसून बघितलं!"

दुसऱ्या दिवशी हळद झाली, तिसऱ्या दिवशी लग्न. मी तिथं नव्हते, पण सगळं शूटिंग कॉपी होताना माझ्यातूनच गेलं, म्हणून सांगू शकते. हिमानीची आजी, दामूंची आई, तिला सगळे माई म्हणतात. एकेकाळी दांडीत हळद म्हटली की गाण्याला माईच. सात वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं बंद पडलं. बोलायचीसुद्धा कमी.

हळदीला बायका गात होत्या. मध्येच एक ओळ कोणालाच आठवेना. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात खुर्चीत बसलेल्या माईने ती ओळ उचलली. आवाज कसला, नुसता वारा होता. पण सूर पक्का. एक ओळ झाली, दुसरी झाली, चारही ओळी माईने एकटीने म्हटल्या. अख्खा मांडव चिडीचूप. दामू तांडेल एवढा दणकट माणूस, मांडवामागे जाऊन पंच्याने तोंड पुसत होता.

निघताना जमनाबाईंनी, हिमानीच्या आईने, उत्कर्षाचा हात धरला. "बाकी काय नाय झालं तरी चालंल गो बाय. पन माईचं तेवढं सांभाल. ती परत गानार नाय."

"काकू, काळजी नका करू," उत्कर्षाने सांगितलं.

पुढच्या रविवारी हिमानी नवऱ्याला घेऊन माहेरी येणार होती. दुसऱ्याच दिवशी तो जहाजावर जाणार. रविवारी संध्याकाळी दारात पडदा लावून फिल्म दाखवायची, असं जमनाबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

लग्न उरकल्यावर सोमवारी उत्कर्षा कामाला बसली. सगळं ठीक चाललं होतं. माईची क्लिप लावली. पहिली ओळ झाली. दुसरीच्या मध्यावर माईच्या चेहऱ्यावर हिरवे-गुलाबी चौकोन पसरले, आवाज खरखरला आणि तुटला. पुढच्या दोन ओळी नुसता चिखल.

तिने दहा वेळा लावून बघितलं. दहा वेळा तेच. कपाळावर हात मारून ती तशीच बसली. मग वही ओढली, ते पान काढलं, आठ शून्यांवरून बोट फिरवलं. "रॅम तर नाहीच," ती स्वतःशी म्हणाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही तेच वाटत होतं!

मग उरलं काय? कॅमेरा, नाहीतर त्यातलं कार्ड. आणि कार्ड तर तिनेच कॉपी झाल्यावर पुसायला सांगितलं होतं, कारण बुधवारी मासवणला दुसरं शूटिंग होतं. रुचिताला तिने बोलावून घेतलं.

"तुझ्या कॅमेऱ्याने घात केला गं. माईचं गाणं गेलं."

"माजा कॅमेरा असं नाय करत."

"मग कोणी केलं? मशीन आठ तास तपासलंय. हे बघ, वहीत आहे."

रुचिताने वही बघितलीही नाही. "तुज्या मशीनची वही हाय. माज्या कॅमेऱ्याची वही नाय. म्हनून माजा कॅमेरा खोटा?"

"मी तसं कुठं म्हटलं? पण तू कार्ड तरी चांगलं घ्यायचंस. लोकांच्या लग्नात असं चालतं का?"

"आता मी लोकांच्या लग्नाची वाट लावते! बरं. बस तुजी वही घेऊन." असं म्हणून ती गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

खंडेराव दाराशी बसून सेकंड शिफ्टसाठी बूट घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं. एका बुटाची नाडी बांधायला त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला.

मंगळवार गेला. मासवणला रुचिता एकटीच गेली. सकाळ-संध्याकाळचे फोन बंद. घरात रत्नाबाई लेकीच्या भोवती फिरत होती, लिंबू बदलत होती. बुधवारी दुपारी जेवताना उत्कर्षा म्हणाली, "उद्या दांडीला जाते आणि जमनाकाकूंना सांगून टाकते. कॅमेरा खराब निघाला म्हणून."

"अगं, रुचिताच्या नावाने सांगणार? पुन्हा कोण देईल तिला काम?" रत्नाबाई म्हणाली.

"मग काय करू? कोणाच्या नावाने सांगू?"

खंडेरावांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. हात धुतला. वही उचलली, लाल पेन काढलं, आणि उभ्या उभ्याच आठही शून्यांवर एक आडवी रेघ ओढली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: न बघता लिहिले. खाली सही.

"माझ्या नावाने सांग," ते म्हणाले.

उत्कर्षाला कळेना. "म्हणजे?"

"ही आठी शून्यं मी सकाळी पावणेनऊलाच लिहिली. मग झोपलो. लाइट दीडलाच गेली होती. मशीननं काय दाखवलं, मी बघितलंच नाही."

"पण पप्पा, सही आहे तुमची."

"सही माझीच आहे."

"का?"

"सवयीनं. हात चालत गेला." ते खाली बसले. "तिथं सगळेच तसं भरतात. शिफ्ट सुरू झाली की आठ ओळी. मग माणूस मोकळा."

उत्कर्षाने त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "काल संध्याकाळी सहाला बॉयलरचं प्रेशर किती होतं?"

"दहा."

"बघितलं होतं?"

खंडेरावांनी वही मिटून बाजूला सरकवली. रत्नाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सव्वीस वर्षं ती त्या बॉयलरपाशी जाणाऱ्या माणसाला डबा भरून देत होती. खोलीत फक्त आमचा पंखा फिरत होता, आणि मला वाटलं, तोही बंद असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी बाप-लेक पामला गेले. हेही मी नंतर रुचिताच्या तोंडून ऐकलं. उत्कर्षा फाटकाशीच थांबली, आत गेले खंडेराव. ओटीवर रुचिताची आई सुकट निवडत होती. त्यांनी पाणीही घेतलं नाही. "बाळ, चूक माझी आहे. मी न बघता लिहिलं आणि तुझ्यावर आळ आला. कॅमेरा तुझा चांगला आहे."

रुचिता म्हणाली, "मला म्हाईत हाय काका." ती आत गेली आणि देव्हाऱ्यातून, कुंकवाच्या करंड्याशेजारून, एक कार्ड घेऊन आली. "मी पुसलंच नाय. नवरी पयल्यांदा माहेराला येऊन जाई परेंत तिचं कायच पुसायचं नाय, असं आमची आई सांगते. मासवनला मी दुसरं नेलं. ही हसंल म्हनून हिला सांगितलं नवतं. भांडन झालं त्याच दिवशी कॅमेऱ्यात लावून बघितलं. माई चारी ओळी गाते."

उत्कर्षा फाटकातून पळतच आत आली. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारायला येशील म्हनून वाट बघीत होते."

बघा! तीन दिवस इकडे लिंबं बदलली जात होती आणि माई दहा मिनिटांवर देव्हाऱ्यात बसली होती. उत्कर्षाने कान धरले, रडली, माफी मागितली. रुचिता म्हणाली, "असं नाय चालनार. वहीत लिवून दे." मग वहीत नवीन ओळ आली: रुचिताचा कॅमेरा, चुका शून्य. खाली उत्कर्षाची सही.

शुक्रवारी खंडेरावांची सुट्टी. सगळं मूळच्या वेगावर आणलं, बत्तीसशेवर. एका वेळी एकच पट्टी. आधी मी. खंडेरावांनी मोबाइलला दर तासाचा गजर लावला आणि खुर्ची स्क्रीनसमोर ओढली. नऊ वाजून चार मिनिटं, शून्य. दहा वाजून एक मिनिट, शून्य. अकरा. मी मनात म्हटलं, आता बघाच, माझ्यावर डाग नाही.

अकरा बावन्नला लाल ओळ आली.

बहीण तर बाहेर टेबलावर पडलेली होती. दोष देणार कोणाला? ते वाढवलेलं व्होल्टेज आणि तो उकाडा माझ्या अंगात कायमचा मुरला होता. माईचा चेहरा माझ्याच हातून फाटला होता आणि मी इतके दिवस लिंबू-मिरचीला हसत होते. माझी खरंच मान खाली गेली. खंडेरावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तोवर दुसरी ओळ आली होती. त्यांनी लिहिलं: चुका दोन.

बहीण आठ तास शून्यावर राहिली. शनिवारी तिने एकटीने फिल्म ओढली. दिवसभर लागला. मी असते तर चाळीस मिनिटं वाचली असती, असं माझ्या अजूनही मनात येतं. जुनी खोड आहे, जाणार नाही.

रविवारी मी दांडीला होते, खंडेरावांच्या खिशात, दोन पेनांच्या मध्ये. त्यांनी मला फेकू दिलं नव्हतं. पडद्यावर माई गायला लागली तशी सगळी गल्ली गप्प झाली. चारही ओळी झाल्या. जमनाबाईंनी पदर तोंडाला लावला. माई स्वतः डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "ही म्हातारी कोन गो? आवाज गेलाय, पन चाल बरोबर धरलीन."

आता मी मशीनमध्ये नाही. मी बॉयलर हाऊसमध्ये काम करते. कामावर खंडेराव मला लॉगबुकच्या पानावर आडवी ठेवतात. चालू तासाची ओळ तेवढी उघडी, पुढच्या तासांच्या ओळी माझ्या अंगाखाली. तास झाला की ते उठतात, प्रेशर दाखवणाऱ्या गेजपाशी जातात, बघतात, परत येतात, लिहितात आणि मला एक ओळ खाली सरकवतात. तैवानहून येऊन मी पट्टीच झाले, रेघा मारायची असते तशी.

परवा साहेबांनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "खंडेराव, बाकीच्या शिफ्ट बघा. दहा, दहा, दहा. कसं सरळ आहे. तुमचंच का असं वर-खाली?"

"साहेब, बॉयलर वर-खाली होतोय."

"होऊ दे हो. लिहायला कशाला पाहिजे? तपासणीवाले तुमच्यावरच बोट ठेवतील." आणि त्यांना खुलासा लिहून द्यायला सांगितलं. खुलासा अजून लिहायचाय.

तुम्हाला एवढंच मागणं आहे. आमच्यासारखं कोणी तुम्हाला छातीठोकपणे काही सांगितलं, तर त्याच्या छातीकडे बघू नका. पुन्हा एकदा विचारा. चुकणाऱ्याला चूक आतून कळत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

काल फर्स्ट शिफ्ट करून आम्ही घरी आलो. उत्कर्षा आणि रुचिता स्क्रीनपुढे बसून कोणाच्या तरी लग्नावर भांडत होत्या. उत्कर्षाने मान न वळवताच विचारलं, "पप्पा, आज दहाला किती होतं?"

खंडेराव बूट काढत होते. त्यांनी खिशाकडे हात नेला नाही, की वही आठवायला डोळे मिटले नाहीत.

"नऊ पॉइंट सात. पाणी बोटभर खाली गेलं होतं. मी पंप चालू केला."